एझराभाऊंच्या छपरावरची वायर

लंडनजवळचं हे वॉटफर्डचं घर आम्ही १९७९ साली घेतलं. एजंट म्हणाला, शेजारी इंडियन आहेत, शांत आहेत, फक्त शनिवारी लॉन कापत नाहीत. त्याला बिचाऱ्याला यापलीकडे काही ठाऊक नव्हतं. पहिल्याच आठवड्यात मी मागच्या अंगणात उभी राहून माझ्या नवऱ्याला, श्रीकांतला, आखूड पडदे आणल्याबद्दल फैलावर घेत होते. चांगल्या खणखणीत मराठीत, कारण इथं कुणाच्या बापाला कळणार? तर कुंपणापलीकडून गंभीर आवाजात कुणीतरी म्हणालं, "बाई, जरा हळू. इकडे सगळं कळतं."

ते एझरा झिराडकर. वाफ्यात कोथिंबीर पेरत होते. बेने इस्रायली, म्हणजे आपले कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. गाव अलिबागजवळचं झिराड, जन्म मुंबईचा, कामाला लागले माझगाव गोदीच्या वर्कशॉपमध्ये, आणि १९६३ साली बायको मिल्काला घेऊन विलायतेला आले. त्यांच्या लोकांना गावाकडे शनवार तेली म्हणायचे. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, म्हणून. पुढे घाणे गेले, शनिवार राहिला.

एझराभाऊ इलेक्ट्रिशियन होते, लंडनच्या एका कोल्ड स्टोरेजमध्ये. काम एक नंबर, स्वभाव मात्र अवघड. एकदा आमचा फ्यूज बघायला आले, तर त्यात श्रीकांतने तारेऐवजी सिगरेटच्या पाकिटातला चंदेरी कागद घातलेला निघाला. एझराभाऊंनी तो कागद चिमटीत धरून टेबलावर ठेवला, नवा फ्यूज बसवला आणि आमच्याशी दोन आठवडे बोलले नाहीत. मला राग आला होता. पण कुणाचा राग आला पाहिजे हे कळत होतं, म्हणून मीही श्रीकांतशी दोन आठवडे बोलले नाही.

त्यांचा शनिवार, त्यांच्या भाषेत शब्बाथ, मोठा कडक. शुक्रवारी सूर्य मावळायच्या आत लागतील ते दिवे लावून ठेवायचे, नको ते बंद करायचे आणि मग शनिवारी आभाळात तीन चांदण्या दिसेपर्यंत कुठल्याही बटणाला हात लावायचा नाही. दुसऱ्याला 'लाव' किंवा 'बंद कर' असं सांगायचंही नाही. मी कौन्सिलच्या ऑफिसात काउंटरवर काम करायचे, शनिवार मला मोकळा. सकाळी दहाला मी त्यांच्याकडे जायचे. न बोलता ठरल्यासारखं होतं: त्यांनी सांगायचं नाही, मी आपलं बघायचं. उगाच जळणारा दिवा दिसला की बंद करायचा. चहा मी माझ्यासाठी म्हणून टाकायचे आणि त्यातला कपभर मिल्काताईंना द्यायचे. या घराला काय हवं ते मला न सांगता कळतं, याचा मला फार अभिमान होता.

मिल्काताई माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठ्या. मला अगंतुगं करायच्या, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायच्या. वालाची उसळ, त्यांच्या भाषेत बिरडं, मला कधीच जमली नाही असं त्यांचं ठाम मत होतं. मूलबाळ नाही. चौऱ्याऐंशी-पंच्याऐंशीपासून संधिवाताने त्यांची बोटं वाकडी झाली, मग गुडघे गेले आणि शहाऐंशीच्या दिवाळीपर्यंत त्या वरच्या मजल्यावरच्या पुढच्या खोलीत पलंगाला खिळल्या. त्या खोलीत हीटिंग दिवसरात्र चालू ठेवावं लागायचं. आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

आता हे बर्फाचं प्रकरण नीट सांगते, नाहीतर पुढचं समजायचं नाही. छपरावर बर्फ पडलं आणि खाली खोली गरम असली की ती ऊब वर जाते आणि बर्फ खालच्या बाजूने वितळतं. पाणी कौलांवरून खाली येतं. पण छपराची कड भिंतीच्या बाहेर असते, तिला खालून ऊब नाही, म्हणून ते पाणी कडेला येऊन पुन्हा गोठतं. गटर, म्हणजे छपराच्या कडेची पन्हळ, बर्फाने भरतं, त्यावर आणखी थर चढतो, बांध घातल्यासारखा. मग मागून येणारं पाणी अडतं आणि कौलांखाली शिरून घरात उतरतं. आमच्या बाजूला असलं काही झालं नाही, कारण श्रीकांत हीटिंग असं लावायचा की घरात कोट घालून बसावं. बांध व्हायला आधी बर्फ वितळावं तर लागतं!

सत्त्याऐंशीच्या जानेवारीत ती भयंकर थंडी पडली आणि मिल्काताईंच्या खोलीचं छताचं प्लॅस्टर एका सकाळी पाण्यासकट खाली आलं. थोडं पलंगावर, बाकीचं जमिनीवर. त्यांना लागलं नाही, पण भिजल्या, आणि न्यूमोनिया झाला. हॉस्पिटलमधून त्यांना थेट एका नर्सिंग होममध्ये ठेवलं, घर कोरडं होईपर्यंत. सात आठवडे.

होम वाईट नव्हतं. बायका प्रेमळ होत्या, चादरी स्वच्छ होत्या. पण मिल्काताई तिथं बोलायच्या बंद झाल्या. इंग्रजी त्यांना यायचं, दुकानातलं, बसमधलं. पण दुखणं इंग्रजीत सांगता येत नाही हो. ठसठस वेगळी, कळ वेगळी, चमक वेगळी. तिथल्या नर्सपुढे या सगळ्याला 'पेन' एवढंच म्हणता यायचं, मग काय सांगायचं? मी भेटायला जायचे तेव्हा त्या माझा हात धरून भिंतीकडे बघत राहायच्या. घरी परत आणलं त्या दिवशी जिन्यातच एझराभाऊंना म्हणाल्या, "मला परत तिथं पाठवू नका. इथं मरू दे, पण तिथं नको." एझराभाऊ नुसते हो म्हणाले. बोलण्याचा माणूसच नव्हे तो.

सोशल सर्व्हिसेसच्या बाईने मात्र स्पष्ट सांगून ठेवलं होतं. घरी ठेवायला हरकत नाही, नर्स येईल, मदत मिळेल, पण खोली कोरडी पाहिजे. पुन्हा छत गळलं तर या बाईंना या घरात राहू देता येणार नाही. तिचंही काही चुकत नव्हतं.

कोल्ड स्टोरेजच्या मोठ्या दारांच्या चौकटीत गरम होणारी वायर घातलेली असते, नाहीतर दारं बर्फाने चिकटून बसतात. एझराभाऊंनी वीस वर्षं तीच वायर दुरुस्त केली होती. त्या उन्हाळ्यात त्यांनी तशीच वायर, छपरावर चालणारी, मिळवली आणि शिडी लावून एकट्याने बसवली. छपराच्या कडेवर नागमोडी, मग सगळ्या गटरमधून, आणि शेवटी पाण्याच्या पाइपातून थेट खाली जमिनीपर्यंत. मी विचारलं, पाइपात कशाला? म्हणाले, वरचं पाणी सोडवून खाली गोठलं तर उपयोग काय? चार रविवार लागले. प्रत्येक क्लिप ओढून बघायचे. खालून लोक विचारायचे की ख्रिसमसचे दिवे इतक्या लवकर का लावताय. भाऊ उत्तर द्यायचे नाहीत, मीच म्हणायचे, हो, यांच्याकडे ख्रिसमस ऑगस्टात असतो.

थर्मोस्टॅट घाला, आपोआप चालू-बंद होईल, असं श्रीकांतने सुचवलं. चंदेरी कागदवाल्याचं कोण ऐकणार? आणि कोल्ड स्टोरेजमध्ये थर्मोस्टॅट अडकून एकदा आख्खी खोली मासे वाया गेलेले भाऊंनी पाहिले होते. त्यांनी साधं बटण बसवलं, वर जिना संपतो तिथल्या लँडिंगवर. वायर चालू असली की त्यात बारीक लाल दिवा लागे. पद्धत अशी की थंडीचा अंदाज असेल तर शुक्रवारी दिवस मावळायच्या आत लावायचं आणि शनिवारी चांदण्या दिसल्यावर बंद करायचं. मधे कुणी हात लावायचं कारणच नाही.

आणि पुढचे तीन हिवाळे काय झालं? काही नाही! नुसता पाऊस आणि चिखल. अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद, नव्वद, बर्फ म्हणून पडलं नाही. ते बटण लागलेलं मी कधी पाहिलंच नाही. वायर छपरावर आहे हे मला माहीत होतं, पण तिचं बटण कुठलं ते मी कधी विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही.

एक्क्याण्णवच्या फेब्रुवारीत, गुरुवारी सुरू झालं ते शुक्रवारी दिवसभर पडत होतं. गाड्या बंद, शाळा बंद. शनिवारी सकाळी श्रीकांतने फावड्याने आमच्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत वाट केली आणि मी नेहमीसारखी दहाला गेले. त्या सोमवारी सोशल सर्व्हिसेसची बाई वर्षाच्या पाहणीला यायची होती, म्हणून मिल्काताईंचे केस धुऊन द्यायचं आमचं ठरलं होतं.

जिना चढून वर आले तर लँडिंगवर लाल दिवा. आमची दोन घरं म्हणजे एकाच छपराखाली मधे भिंत घातलेली, एकमेकांची उलटी प्रत. आमच्या लँडिंगवर ज्या जागी इमर्शन हीटरचं, म्हणजे पाण्याची टाकी तापवण्याचं, बटण, बरोबर त्याच्या समोरासमोर हे बटण. या देशात इमर्शन चालू राहणं म्हणजे काय, ते इथं राहिलेल्यांनाच कळेल. बिलाच्या धाकाने माणसं सुट्टीला अर्ध्या वाटेपर्यंत जाऊन त्यासाठी परत येतात. मी मनात म्हटलं, अरे देवा, काल घाईत बंद करायचं राहिलं वाटतं, आता बिचाऱ्यांना हात लावता येत नाही, सांगताही येत नाही. आणि टक् करून बंद केलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती. त्या वेळी मात्र मी स्वतःवर खूश होऊन आत गेले.

थोड्या वेळाने एझराभाऊ खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, आज छपरावर बर्फ चांगलंच बसलंय. मी म्हटलं, हो ना, किती छान दिसतंय. ते उभेच. मग म्हणाले, कडेला थोडी ऊब असती तर बरं होतं. मी लगेच उठून पलंगाच्या कडेला, मिल्काताईंच्या पायांवर, आणखी एक ब्लँकेट घातलं. भाऊ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, लँडिंगवर अंधार वाटतो. मी गेले आणि लँडिंगचा दिवा लावून आले! ताकाला जाऊन भांडं लपवणं आपण ऐकलेलं असतं, पण या माणसाला ताक मागायचीच बंदी होती, आणि ज्या बाईला न सांगता सगळं कळायचं, तिला त्या दिवशी काडीचं कळत नव्हतं. भाऊ थँक्यू म्हणाले आणि खाली गेले. साडेबाराला मी घरी आले, वरणभात लावला.

तीनच्या सुमाराला मधल्या भिंतीतून काहीतरी जड ओढल्याचा आवाज आला. दोनदा. मला वाटलं मिल्काताई पडल्या. मी स्वयंपाकघरातल्या चपला तशाच घालून बर्फातून धावले.

खोलीत पलंग खिडकीपासून ओढून आतल्या भिंतीला लावला होता. साठी उलटलेल्या माणसाने, बायको त्यावर असताना, एकट्याने. पलंगाच्या जुन्या जागी बादली होती आणि छताच्या कोपऱ्यातून तिच्यात थेंब पडत होते. मिल्काताई छताकडे बघत नव्हत्या. दाराकडे बघत होत्या. दाराबाहेर लँडिंगवर एझराभाऊ भिंतीला टेकून खाली बसले होते आणि त्यांच्या डोक्यावर ते बटण होतं, लाल दिवा लागलेलं.

मी विचारलं, काय झालं? आतून मिल्काताई म्हणाल्या, "छपराची वायर काल लावायची विसरले म्हणतात. आत्ता लावली. शनिवारी. स्वतःच्या हाताने."

मी त्या लाल दिव्याकडे बघितलं आणि सकाळचा तो टक् आवाज मला पुन्हा ऐकू आला. मी तोंड उघडलं. भाऊंनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, आणि मी तोंड मिटलं. सांगायला हवं होतं. त्याच क्षणी सांगायला हवं होतं. मी बादली बघते म्हणून आत गेले. इतकी भित्री मी आयुष्यात कधी झाले नव्हते.

वायरने काम केलं. अंधार पडेपर्यंत कडेच्या बर्फात नागमोडी वाटा पडल्या, गटर आतून मोकळं झालं, आणि खाली पाइपातून पाणी धो धो जायला लागलं. सातच्या आत थेंब थांबले. रविवारी भाऊंनी खोलीत पंखा आणि हीटर लावला. सोमवारी ती बाई गुडघ्याएवढे बूट घालून चालत आली, कारण बसच नव्हती. तिने छताला हात लावून बघितला. तळहाताएवढा डाग होता, ओलसर, पण प्लॅस्टर घट्ट. एझराभाऊंनी तिला खिडकीतून वायर दाखवली, गटर दाखवलं, बटण दाखवलं. रस्त्यातल्या चार घरांना त्या दिवशी गटरला काठ्यांएवढे बर्फाचे सुळके लोंबत होते, यांच्या कडेला एकही नव्हता. तिने लिहून घेतलं की खोली राहण्याजोगी आहे. मिल्काताई राहिल्या.

पण भाऊंचं त्यानंतर बिनसलं. त्यांचे लोक लंडनमध्ये सणाला एक हॉल भाड्याने घ्यायचे आणि प्रार्थना म्हणायला एझराभाऊ पुढे उभे राहायचे, आवाज चांगला होता म्हणून. त्यांनी स्वतःहून तिथं सांगितलं की मी शब्बाथला बटण दाबलं, आता मी पुढे उभा राहणार नाही. तिथल्या थोरांनी समजावलं की घरात आजारी माणूस असेल तर चालतं, आणि तुम्ही शेजारणीला सरळ सांगितलं असतं तरी चाललं असतं. भाऊंनी ऐकलं नाही. मला एकदाच म्हणाले, कोथिंबीर उपटता उपटता: "आजाऱ्यासाठी नव्हतं दाबलं. पलंग मी आधीच सरकवला होता, मिल्का कोरडी होती. मी दाबलं ते सोमवारच्या बाईसाठी." मी तिथं उभी होते, हातात त्यांनी दिलेली जुडी. तेव्हा तरी बोलावं? नाही बोलले.

मार्चमध्ये त्यांनी थर्मोस्टॅट बसवला. मी शनिवारी जात राहिले. मिल्काताईंना पेपर वाचून दाखवायचे, त्या मला अलिबागची नावं सांगायच्या, कुणाची कोण, कुणाचं लग्न कुणाशी मोडलं. बिरडं जमेना म्हणून शिव्या द्यायच्या. त्या तासाभरात त्यांचा आवाज खालपर्यंत जायचा. बाकी आठवडाभर भाऊ घरात, पण ते बोलणार किती? दिवसाला दहा वाक्यं, त्यातली चार औषधांची.

ब्याण्णवच्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. स्वतःच्या खोलीत, स्वतःच्या पलंगावर, पहाटे. सात दिवस घरात माणसं बसायला येत होती. आठव्या दिवशी घर रिकामं झालं, तेव्हा मी गेले. मनाशी ठरवूनच गेले. एझराभाऊ स्वयंपाकघरात बसले होते. मी उभ्यानेच सांगून टाकलं, की त्या शनिवारी तुम्ही विसरला नव्हता, बटण मी बंद केलं, मला इमर्शन वाटलं, आणि वर्षभर मी तुम्हाला फसवलं. तुमची प्रार्थना माझ्यामुळे सुटली. बोलता बोलता मला रडू आलं.

भाऊ म्हणाले, "बसा. मला ठाऊक होतं. मी जिन्यातच होतो, तुमचा हात मी पाहिला."

मला आधी कळेचना. मग मला रागच आला, खरं सांगते. वर्षभर मी आत जळतेय आणि या माणसाला सगळं ठाऊक! मी म्हटलं, मग तुम्ही विसरलात असं का सांगितलंत? सगळ्यांसमोर दोष स्वतःवर का घेतलात? रविवारी मला नुसतं एका शब्दाने सांगायचं होतं.

त्यांनी समोरची खुर्ची माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या शनिवारी आला नसता. आणि मिल्काला बोलायला दुसरं कोण होतं?"

माझा स्वभाव मला माहीत आहे. मी खरंच गेले नसते.